दीडशे आणि वर तीन

माझं नाव अराबा. अराबा म्हणजे मंगळवार.
आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं
तो वारच त्याच्या गळ्यात पडतो.
रविवारच्या पोरी मला चिडवायच्या,
आमचा वार देवाचा, तुझा गं कुणाचा?
मला उत्तर सुचायचं नाही.

मंगळवारी एल्मिनात कुणी होडी लोटत नाही.
समुद्राला सुट्टी.
पुरुष जाळी सांधतात,
किंवा जाळी सांधता सांधता त्यांच्यावरच घोरतात.
माझ्या भट्टीला मात्र वार नाही.
काल लावलेली मासळी आज पालटावी लागते,
खालची चाळण वर, वरची खाली,
आणि वारा कुठूनही सुटो,
धूर माझ्याच डोळ्यांचा पत्ता विचारत येतो.

सव्वीस वर्षं.
तीनदा साबण लावून मी उपासनेला जाते,
तरी मागच्या बाकावर कोण बसलंय
हे पुढच्या बाकाला न वळता कळतं.
म्हणून मी प्रभूशी करार केला होता:
रविवारी भेटू, स्वच्छ हातांनी.
मधले सहा दिवस तू इकडे बघू नकोस,
मीही हाक मारणार नाही.

एकोव माझा नवरा. गुरुवारचा.
गेलाही गुरुवारी, होडीसकट.
शुक्रवारी मी मासे पालटले.
लोक म्हणाले, दगड आहे.
पालटले नसते तर जळले असते, एवढंच.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी
बायडू मास्तर चष्म्याविना अडखळत वाचत होते.
ओळखीचीच गोष्ट. रात्रभर जाळं रिकामं,
पहाटे काठावर कुणीतरी उभं.
मी अर्धी झोपेत.
आणि मास्तर एका शब्दावर थांबले: निखारे.

मी जागी झाले.
निखारे! म्हणजे आधी कुणीतरी लाकूड गोळा केलं,
ओल्या वाळूत वाकून फुंकर घातली,
मासा चिरला, खवले काढले,
डोळे चोळले असणार, मनगटाच्या मागच्या बाजूने,
जसे आम्ही चोळतो.
मरणातून परत आलेला माणूस,
सांगण्यासारखं किती असेल त्याच्याजवळ,
आणि तो म्हणतो काय, तर या, न्याहारी करा.

पुढे मोजदाद. एकशे त्रेपन्न.
समोर साक्षात प्रभू उभा,
आणि एक जण तिथे बसून मासे मोजतोय!
मी देवळात मोठ्याने हसले.
एकोव गेल्यापासून पहिल्यांदा.
पुढचा बाक वळला. वळू दे.
मोजल्याशिवाय ज्याला रडताही येत नाही
असा आमच्यातला एक जण तिथे होता.

वार कोणता होता ते मास्तरांना विचारलं.
त्यांनी पान उलटून पालटून पाहिलं.
लिहिलेलं नाही, म्हणाले.
मी काही बोलले नाही. मला माहीत होतं.

आज एशुनची नवी होडी रंगतेय.
सगळ्या होड्यांवर मोठमोठे शब्द असतात,
विजय, कृपा, शत्रूंनो पाहा.
फीफी रंगारी डबा घेऊन माझ्याकडे आला,
मावशी, एशुन म्हणतो शब्द तू दे,
त्याच्या जाळ्याची पहिली टोपली तुझ्याच भट्टीवर येणार.
मी म्हणाले, लिही: या, न्याहारी करा.
तो हसला. होडी आहे मावशी, खानावळ नव्हे.
मी म्हणाले, लिही रे.

लिहिलं. पण अंदाज चुकला,
शेवटची दोन अक्षरं नाळेला वळसा घालून
पलीकडच्या बाजूला गेली.
अलीकडून वाचलं तर आमंत्रण अर्धंच.
उरलेलं वाचायला पाण्यात उतरावं लागतं.

ऊन कललं. वरची चाळण खाली घ्यायची वेळ झाली.
हात धुतले नाहीत आज.
तसेच, काळे, कोपरापर्यंत खवल्यांनी चमकणारे,
चाळणीच्या दोन्ही कडांना लावले
आणि म्हणाले, हं, धर त्या बाजूने,
जड आहे.